कड्यावर येणारा समुद्र

कुरवंड्यातून समुद्र दिसत नाही. पठार संपतं, नागफणीच्या कड्याशी पाय थांबतात आणि खाली कोकण पसरलेलं असतं. किनारा तिथून सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर. तरीही सिंधुसागराचा, म्हणजे अरबी समुद्राचा आवाका मला सगळ्यात जास्त जाणवला तो इथे, जूनच्या वाऱ्यात.

आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून तो वारा ईशान्येकडे वळतो. सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटरांच्या पाण्यावरून वाफ उचलत येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतो. वर चढला की गार होतो, आणि मग जे कोसळतं ते मावळानेच सोसावं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. तासा-दीड तासावरच्या पुण्यात जेमतेम सातशे. आपल्या खाचरांतलं आवण ज्याच्या भरवशावर तगतं, तो समुद्र कधीही न पाहिलेले शेतकरी या घाटमाथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदले.

कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी आंबा नदीतून धरमतरच्या खाडीत जातं, म्हणजे आल्या घरी परत. पूर्वेच्या पाण्याची वाट मात्र लांबची. इंद्रायणी कुरवंड्यातच उगम पावते. देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते, भीमा पंढरपुराला वळसा घालून कृष्णेत, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. पश्चिमेच्या दर्याने दिलेलं पाणी पूर्वेच्या दर्याला पोचवणारी ही नदी आपण तीर्थ म्हणून मस्तकी लावतो, ते मला फार योग्य वाटतं. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता इथे धरणं बांधून यातलं काही पाणी पुन्हा पश्चिमेला वळवलं. १९१५ साली खोपोलीत त्यावर वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या.

पाण्यासारखी माणसंही या उतारावरून ये-जा करत आली. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये या साऱ्या जलप्रदेशाला एरिथ्रियन समुद्र म्हटलंय आणि त्यात आपलं कल्याण आहे, चौल आहे. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांमुळे पुढे अरबी समुद्र हे नाव रूढ झालं. कोळी मात्र नुसतं ‘दर्या’ म्हणतो. बंदरांतून घाट चढून आलेल्या संपत्तीची खूण कार्ल्याच्या लेण्यात अजून वाचता येते: दान देणाऱ्यांत यवन आहेत, सोपाऱ्याची माणसंही आहेत. १६६१च्या फेब्रुवारीत मुघल सरदार कारतलबखान कोकणावर निघाला तोही याच कुरवंडे घाटाने, आणि खाली उंबरखिंडीत शिवरायांनी त्याला गाठलं. आज कुरवंड्याच्या वाटेवर ‘आयएनएस शिवाजी’ लागते. नौदलाचे अभियंते १९४५पासून इथे, डोंगरात, घडतात. पाहुण्यांना याचं नवल वाटतं; मला ते या जागेच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

पण हा समुद्र आता तापतो आहे. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर थांबलं नाही. घाट चढून मावळात आलं, घरांचे पत्रे उडाले, गुलाबांची पॉलिहाउस फाटली. समुद्राच्या तापमानाच्या नोंदी मुंबईइतक्याच मावळच्या ग्रामसभांतही वाचल्या जायला हव्यात. पेरणीचा, लावणीचा मुहूर्त शेवटी तिकडेच ठरतो.