फिरत्या घराचे दार

चाकांवर उभ्या असलेल्या घराच्या दाराला दोन धर्म एकाच वेळी पाळावे लागतात. घराचे दार म्हणून ते मुलाच्या किंवा वृद्धाच्या हाताने सहज उघडले पाहिजे, आणि वाहनाचे दार म्हणून महामार्गावर, खड्ड्यांत, प्रसंगी अपघातातही ते उघडता कामा नये. मोटरहोम, म्हणजे इंजिन, चालकाची जागा, ओटा, बिछाना आणि न्हाणीघर एकाच सांगाड्यावर बसवलेली गाडी, वापरणाऱ्यांना प्रवेशदाराची कडी अडकण्याचा त्रास वारंवार होतो, त्याचे मूळ या दुहेरी अपेक्षेत आहे. कडी अडकली की ती बदलावी असे प्रथम मनात येते. परंतु पुष्कळदा दोष कडीत नसतोच, दार आणि चौकट यांचे एकमेकांशी बिनसलेले असते आणि त्याची पहिली खबर तेवढी कडी देते.

हे जिथे स्पष्ट दिसते असे ठिकाण म्हणजे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पश्चिम भागातील क्वार्ट्झसाइट. एरवी विरळ वस्तीचे हे वाळवंटी गाव थंडीत फिरत्या घरांनी भरून जाते, कारण उत्तरेकडील राज्यांतून आणि कॅनडातून बर्फ टाळण्यासाठी दक्षिणेला उतरणारे लोक, ज्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात, तेथे मुक्काम ठोकतात. गावालगतच्या ला पोसा या सरकारी माळावर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामाचा परवाना मिळतो. माळ उघडा, जमीन खडीची आणि उंचसखल, दिवसा ऊन आणि रात्री चांगलाच गारठा, आणि वारा सुटला की फटीफटीतून आत शिरणारी बारीक धूळ. कडीला छळणारे सगळेच तेथे एकत्र नांदते.

मोठ्या मोटरहोमच्या दारात बहुधा मोटारीप्रमाणेच फिरत्या आकड्याची कडी असते. चौकटीवर एक जाड पोलादी खुंटी पक्की बसवलेली असते. दार लोटले की दाराच्या कडेतला खाचेचा आकडा त्या खुंटीवर आदळून फिरतो, तिला आपल्या खाचेत घेतो, आणि त्याच क्षणी स्प्रिंगच्या जोराने एक छोटी खिटी पुढे सरकून आकड्याला उलट फिरण्यापासून अडवते. आकड्याला अडकण्याच्या दोन जागा असतात, म्हणून दार लागताना दोनदा ‘खट्’ होते. पहिल्या वेळी दार अर्धवट धरले जाते, दुसऱ्या वेळी पूर्ण. तो अर्धा टप्पा निरर्थक नाही, कारण घाईत नीट न लागलेले दारसुद्धा धावत्या गाडीत सताड उघडू नये हा त्याचा हेतू आहे, आणि दारांच्या कड्या-बिजागऱ्यांविषयीचे अमेरिकेचे 206 क्रमांकाचे सुरक्षा मानक दोन्ही टप्प्यांच्या ताकदीची अट घालते. बाहेरची किंवा आतली मूठ ओढली की तिच्यामागची बारीक सळई खिटीला मागे खेचते आणि आकडा मोकळा होतो.

आता या साखळीत जोर कोठून येतो ते पाहावे. दाराभोवतीची रबरी पट्टी पाऊस, धूळ आणि आवाज बाहेर ठेवते, पण त्यासाठी ती दबलेली असावी लागते, आणि दबलेले रबर दाराला सतत बाहेर ढकलत असते. तो सगळा रेटा आकड्यामार्फत खिटीवर येतो. रेटा जितका अधिक, तितकी खिटी घट्ट दाबली जाते आणि ती मागे सरकवायला तितका जोर लागतो. म्हणूनच हटून बसलेल्या दाराला कडीजवळ खांद्याने आत दाबून मूठ ओढली, तर ते पुष्कळदा निमूट उघडते. दाबल्यावर उघडले, याचा अर्थ कडी हालती आहे, तिच्यावरचा भार मात्र अवाजवी आहे.

याहून निर्णायक परीक्षा दार उघडे असताना करता येते, आणि कोणताही भाग विकत आणण्यापूर्वी ती केलीच पाहिजे. दार उघडे ठेवून आकडा पेचकसच्या टोकाने आत ढकलावा, म्हणजे खुंटीचे काम पेचकसने करावे, दोन्ही खटके ऐकावेत आणि मूठ ओढून आकडा सुटतो का पाहावे. उघड्या दारात कडी लोण्यासारखी चालत असेल आणि लागलेल्या दारात अडकत असेल, तर तिला निर्दोष ठरवून चौकटीकडे वळावे. उघड्या दारातही ती अडखळत असेल, तर धूळ, वाळलेले ग्रीस, वाकलेली सळई, तुटलेली प्लास्टिकची क्लिप किंवा थकलेली स्प्रिंग यांपैकी काहीतरी आत सापडते. परीक्षा संपल्यावर मूठ ओढून आकडा पुन्हा मोकळा करण्यास विसरू नये, कारण बंद आकड्याचे दार जोराने लोटले तर तो खुंटीवर आपटून दोन्ही जायबंदी होतात.

चौकटीचा प्रश्न अधिक गहन आहे. गाडी मुक्कामाला थांबली की तिच्याखालचे हायड्रॉलिक जॅक जमिनीवर टेकवून घर पाणसळीत आणतात. पण जमीन तिरकी असताना एकाच कोपऱ्याखालचा जॅक जास्त उचलला गेला, तर सांगाड्याला पीळ बसतो. वरची पेटी त्या पिळाला सर्वत्र सारखा विरोध करू शकत नाही, कारण जिथे दारासाठी भिंत कापलेली आहे तिथे ती दुबळी असते, आणि म्हणून पीळ नेमका दाराच्या चौकटीत उतरतो. काटकोनात असलेली चौकट किंचित कलते, खुंटी आकड्याच्या समोरून वर किंवा खाली सरकते, आणि बैठ्या घराच्या सुताराला गुण्या लावून एकदाच करावे लागणारे काम येथे प्रत्येक मुक्कामाला नव्याने उभे राहते. कल ओळखण्यासाठी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. कोपरे गोलाकार असतील तर समोरासमोरच्या सारख्या खुणांपासून माप घ्यावे. कर्णांत फरक आढळला तर पेचकस खाली ठेवून आधी जॅक सैल करावेत.

उन्हाचे गणितही सोपे आहे. अमेरिकेत रहदारी उजवीकडून चालते, म्हणून प्रवेशदार गाडीच्या उजव्या अंगाला असते, आणि गाडीचे तोंड दक्षिणेकडे केले तर ते दार पश्चिमेचे सारे ऊन खाते. ॲल्युमिनियमचा 2 मीटर लांबीचा भाग 30 अंश सेल्सियसने तापला तर जवळपास 1.4 मिलिमीटरने वाढतो, तेवढेच पोलाद त्याच्या निम्म्यानेच वाढते, आणि आकडा-खुंटीची जुळणी बिघडायला मिलिमीटरभर फरकही पुरेसा होतो. कोकणातले लाकडी दार पावसाळ्यात फुगून बसते, ते दमटपणामुळे आणि महिनोन्‌महिने. हे दार तापून अडते आणि सूर्यास्तानंतर आपोआप सुटते, त्यामुळे संध्याकाळी तपासणाऱ्याला बिघाड सापडतच नाही.

वंगणाच्या बाबतीत उत्साह आवरलेला बरा. डब्ल्यूडी-40 चा निळा-पिवळा डबा बहुतेक गाड्यांत असतो. 1953 मध्ये सॅन डिएगोत तयार झालेले हे द्रव्य मूळचे पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी आहे. मळलेल्या कडीतला चिकटा धुऊन काढायला ते उत्तम, परंतु त्यातला बराच भाग उडून जातो आणि उरलेला पातळ थर टिकाऊ वंगणाचे काम फार दिवस करत नाही. म्हणून आधी त्याने आकडा आणि खिटी धुवावीत, फडक्याने कोरडी करावीत, आणि मग सांध्यांवर पांढरे लिथियम ग्रीस अगदी थोडे लावावे. धुळीच्या प्रदेशात मात्र टेफ्लॉनचे कोरडे वंगण अधिक हितावह, कारण ओल्या ग्रीसला धूळ चिकटून कुरुंदाचा लेप तयार होतो. रबरी पट्टीला सिलिकॉन, किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची भुकटी. भुकटीवर तेल मारू नये, दोन्ही मिळून चिखल होतो.

खुंटी सरकवण्याचे काम सर्वांत शेवटी येते. तिच्या बैठकीभोवती पेन्सिलने बारीक रेघ ओढून ठेवावी, खुंटीवर ग्रीसचा पुसटसा थर देऊन दार एकदा लावावे आणि उघडून आकडा कोठे घासला त्याची खूण वाचावी. खूण खाली असेल तर आकडा खाली उतरला आहे, बहुधा बिजागऱ्या झिजल्याने किंवा त्यांचे स्क्रू सैल झाल्याने. तेव्हा आधी ते आवळावेत. मग बैठक सुटेल इतपतच सैल करून खुंटी एका वेळी मिलिमीटरभर हलवावी, पुन्हा घट्ट करावी, दार लावावे, खटके ऐकावेत. यात घाई करणारा माणूस दार हलक्या हाताने लागते एवढ्यावरच समाधान मानतो आणि दुसरा खटका झाला की नाही ते ऐकतच नाही. सोय झाली असे वाटते आणि धोका घरात येतो. उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे, कारण या घरात स्वयंपाक आणि ऊब यांसाठी प्रोपेन वायू असतो, आणि आग लागली असता आतून न उघडणारे दार जिवावर बेतते. तशा वेळेसाठी सुटकेची वेगळी खिडकी असते, तिची मूठ घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी फिरवून पाहिलेली असावी.

जॅकवर उभ्या गाडीत जुळवलेली खुंटी चाकांवर आल्यावर जुळेलच असे नाही, म्हणून जॅक उचलून, गाडी थोडी चालवून परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. दोन्ही स्थितींत एकच जागा साधत नसेल, तर खुंटी चालत्या गाडीला जुळेल अशी ठेवावी, आणि मुक्कामाच्या ठिकाणी खोलगट बाजूच्या चाकांखाली आधी जाड फळ्या सरकवून गाडी शक्य तितकी सपाट करून घ्यावी, म्हणजे जॅकला उचलायला फारसे काही उरत नाही.