तळहाताएवढें चित्र

आमच्या लिहिण्याच्या मेजावर चित्राचें एक पोस्टकार्ड कित्येक वर्षें उभें आहे. त्यावर देव नाहीं, डोंगर नाहीं, कीं कोणाची मुद्रा नाहीं. काळपट तांबड्या रंगावर तांबड्याच रंगाची अस्पष्ट चौकट, एवढाच त्याचा विषय. धाकट्या बंधूनें तें लंडनहून धाडलें होतें. पाठीवर एकच ओळ होती : "दादा, यापुढें अर्धा तास बसून होतों." आम्हीं उलट टपालीं विचारलें, "घरास रंग देणें आहे. रंगाऱ्यास हाच नमुना दाखवावा काय?" विनोद बरा साधला असें त्या वेळीं वाटलें. पुढें बंधूचीं खुशालीचीं पत्रें आलीं. चित्र मात्र एकहि आलें नाहीं.

कांहीं वर्षांनीं लंडनास जाण्याचा योग आला, तेव्हां टेट मॉडर्न संग्रहालयांत आम्ही एकटेच गेलों. हीं चित्रें मार्क रॉथ्को यानें १९५८ सालीं न्यूयॉर्कमधील एका उंची भोजनगृहासाठीं आरंभिलीं. पुढें तो स्वतः तेथें जेवून आला, आणि त्यानें तें काम सोडून पैसे परत केले. त्यांतील नऊ चित्रें त्यानें टेटला दिलीं. तीं लंडनला पोंचलीं त्याच दिवशीं, २५ फेब्रुवारी १९७० रोजीं, न्यूयॉर्कमध्यें त्याच्या चित्रशाळेंत त्याचा मृतदेह आढळला.

मंद उजेडाच्या त्या दालनांत आमचा 'नमुना' माणसाहून उंच उभा होता. रंगांचे पातळ थर एकावर एक चढलेले. चौकट कधीं दार वाटे, कधीं बुजविलेली खिडकी. बार्नेट न्यूमन या दुसऱ्या चित्रकारानें १९५१ सालच्या आपल्या प्रदर्शनांत, हीं मोठीं चित्रें जवळून पाहावीं, अशी सूचना लाविली होती. कार्डाची गोष्ट उलट आहे : तें नाकाशीं धरलें तरी चित्र दूरच राहतें.

मग कार्ड खोटें म्हणावें काय? चित्रापुरतें, होय. परंतु बंधूनें आम्हांस चित्र धाडलेंच नव्हतें. आपला अर्धा तास धाडला होता. तें उमगावयास आम्हांस समुद्र ओलांडावा लागला.

बाहेरच्या दुकानांत तेंच कार्ड घेऊन आम्हीं नाशकास बंधूच्या पत्त्यावर टाकलें. पाठीवर लिहिलें : "पाऊण तास बसलों."

घरीं परतलों तों त्याचें उत्तर येऊन पडलें होतें : "दादा, मग घरास रंग कोणता दिला?"