भोपळ्याची तालीम

आषाढी एकादशी झाली की शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत फिरते आणि लोणारकडून आमच्या मेहकरला येते. त्या दिवशी अर्धे गाव रस्त्यावर असते. आमच्या उर्दू शाळेची मुलेही फाटकाशी गर्दी करतात. पताका, टाळकरी, आणि गळ्यात वीणा अडकवलेले वीणेकरी. तीन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने त्या वीणेकडे बोट दाखवून विचारले, "सर, इनो गले में कद्दू काय को लटका के चल रहे?"

मुले खो खो हसली. मी हसलो नाही.

"हौ, कद्दूच है वो," मी म्हणालो. "और हो सकता है किसी मुसलमान के हाथ का बनाया हुआ."

मुलांना ते खरे वाटले नाही. एकेकाळी मलाही वाटले नसते.

बी.एड.चे वर्ष मी तेव्हाच्या औरंगाबादला काढले. खोलीत माझ्याबरोबर मिरजेचा एक मुलगा होता. आडनाव शिकलगार. वर्गातल्या मुलांना वाटे, याच्या घरी सुऱ्या-कात्र्यांना धार लावत असतील. कोणी विचारले तर तो म्हणायचा, "अब्बांचे लाकडाचे दुकान आहे." मला विचारले की मी सांगायचो, "वडील मजुरी करतात." दोघेही पुढे काही बोलत नसू. पुढे कळले की दोघेही अर्धेच खरे बोलत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत तो मला मिरजेला घेऊन गेला. रात्रभर एस.टी.त बसून सकाळी त्याच्या घरी पोहोचलो. ओसरीवर पाऊल ठेवले आणि थबकलो. जिकडे तिकडे भोपळे. छताला टांगलेले, फळीवर मांडलेले, कोपऱ्यात रचलेले. काही तर असे की दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावावेत. मधोमध पोत्यावर बसून त्याचे वडील एका भोपळ्याच्या पोटात हात घालून काहीतरी खरवडत होते. मित्र खाली मान घालून म्हणाला, "हे आमचे लाकडाचे दुकान."

मी त्यांना चाचा म्हणू लागलो. चार दिवस राहिलो. त्या चार दिवसांत मी जे शिकलो ते मला कुठल्याही पाठ टाचणात सापडले नाही.

हा भोपळा आपल्या भाजीचा नव्हे. कूळ दुधीचेच, पण हा कडू, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठच्या शेतांत तो पिकतो. शेतकरी तो वेलीवरच जून होऊ देतात. चांगला वाळला की आतल्या बिया खुळखुळतात आणि साल लाकडासारखी टणक होते. कारागीर आकार बघून, वाजवून तो निवडतात. मग तो कापायचा, पाण्यात भिजवायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, कीड लागू नये म्हणून मोरचुदाचे पाणी द्यायचे, आणि पुन्हा वाळवायचा. त्यानंतर त्याला गळा जोडायचा, तुणाच्या लाकडाची पोकळ दांडी बसवायची, तोंडावर तबली चढवायची. जोडाच्या जागेवर लाकडाची कोरीव पाने लावतात. ती नुसती शोभेची नाहीत, त्यांनी जोडही बळकट होतो. मग खुंट्या, घोडी, तारा, पॉलिश. एका तंबोऱ्यामागे कित्येक दिवस जातात.

चाचांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता. चौकशी केली तेव्हा कळले, वर्ष होत आले तरी तो फक्त भोपळे खरवडतोय. माझ्यातला नवा बी.एड.वाला जागा झाला. मी विचारले, "चाचा, याला पुढचे कधी शिकवणार?"

चाचांनी उत्तर दिले नाही. एक भोपळा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मास्टर, बजाव."

मी बोटाच्या पेराने टिचकी मारली. ठक्क असा आवाज आला. त्यांनी तोच भोपळा जरा फिरवला. "अब यहां." आवाज निराळा आला, दबका. "इधर साल मोटी है. हाथ को मालूम पडा?" माझ्या हाताला काहीही कळले नव्हते. त्या पोराने मात्र लांबूनच मान हलवली. त्याला ऐकूनच कळले होते. चाचा म्हणाले, "हाथ सुनने लगा ना, के आगे का काम खुद मांगता है. मैं देने वाला कौन?"

आम्ही कॉलेजात सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेत होतो. प्रस्तावना, स्पष्टीकरण, प्रबलन, प्रत्येकाला ठरलेली मिनिटे. मुलाने बरोबर उत्तर दिले की "शाब्बास" म्हणायचे, तेही वहीत लिहिलेले असे. चाचांना चार दिवसांत मी एकदाही शाब्बास म्हणताना ऐकले नाही, आणि चूक म्हणतानाही नाही. काम नीट झाले नसेल तर ते भोपळा पुन्हा पोराच्या पुढ्यात सरकवीत. बस्स.

चाचांकडूनच या हुनराचा इतिहास ऐकला. नंतर तो वाचलाही. मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारांचे कारागीर. तलवारी, भाले यांना धार लावणे, ती दुरुस्त करणे हे त्यांचे काम. इंग्रजांचे राज्य आले, तलवारींची गरज सरली. 1850 च्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या कामात हात घातला आणि तंबोरे-सतारी घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे किराण्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेचेच झाले. 1937 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. दर्ग्याच्या उरुसात तिथे दरवर्षी गाण्याच्या मैफली होतात. मैफलीत गाणारा कोणत्याही धर्माचा असो, मागे सूर धरून असतो तो भोपळाच.

एका संध्याकाळी मी भीत भीत विचारले, "चाचा, आपल्यात काही लोक म्हणतात, वाद्याचे काम चांगले नाही." यात उलेमांमध्ये मतभेद आहेत हे मला ठाऊक होते, आजही आहेत. तो वाद सोडवण्याइतके माझे इल्म नाही. चाचा रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले, "सुना है मैंने भी. देख बेटा, हजरत युनूस अलैहिस्सलाम मछली के पेट से निकले, तो अल्लाह ने उन पर कद्दू की बेल का साया किया. हुजूर को कद्दू का सालन पसंद था. मैं कद्दू का पेट साफ करता हूं, पसीने की रोटी खाता हूं. बाकी हिसाब लेने वाला वो है." आणि मगरिबची अजान झाली तशी वजू करायला उठले. पहाटे फजरलाही मी त्यांना कधी चुकताना पाहिले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी जवारी लावून दाखवली. तंबोरा तयार झाला, तारा चढल्या, तरी तो अजून गुणगुणत नाही. नुसता टणटण वाजतो. घोडीचा माथा कानसीने घासून त्याला इतका हलका उतार द्यायचा की तार सुटताना त्याला ओझरती शिवत जाईल. शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आला की अचानक आवाज उघडतो आणि घर भरून जाते.

चाचांनी शिवणाच्या रिळाचा धागा तोडून सरकवला. तंबोरा बोलू लागला. माझ्या अंगावर काटा आला, पण तो सुरांमुळे नव्हे. तो आवाज मी ओळखत होतो.

माझे अब्बा पिंजारी. मेहकरात घरोघर जाऊन गाद्या, रजया भरायचे. खांद्यावर पिंजण, हातात लाकडी दस्ता. तांतीवर दस्ता पडला की ती झणाणायची आणि कापूस बर्फासारखा उडायचा. लहानपणी त्या आवाजावरून मला कळे की अब्बा कोणत्या गल्लीत आहेत. हायस्कूलमध्ये गेल्यावर तो आवाज आला की मी दुसऱ्या गल्लीने जाऊ लागलो. मित्रांसमोर ते दिसले तर सलाम न करता निघून गेल्याचेही मला आठवते. अब्बांनी कधी विचारले नाही.

मग पिंजायची मशिने आली. तलवारी गेल्या तेव्हा शिकलगारांना तंबोरा सापडला. पिंजण गेले तेव्हा अब्बांना दुसरे काही सापडले नाही. ते बांधकामावर जाऊ लागले. म्हणजे मी "मजुरी" म्हणत होतो ते शेवटी खरेच झाले.

त्या रात्री मी मित्राला सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चल, निदान तुझ्या रुईचा धागा आमच्या तंबोऱ्यात आहे."

पुढे मला नोकरी लागली. जातीचा दाखला काढायला गेलो तेव्हा या खोटेपणाची किंमत कळली. पिंजारी समाज इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे, पण पुरावा हवा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. दादाजानच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात एकच शब्द, "मुसलमान". धंद्याचे नाव कुठेही नाही. साऱ्या गावाच्या गाद्या ज्याने भरल्या तो पिंजारी होता, हे सिद्ध करायला मला महिने लागले. दादाजानच्या वेळी तो रकाना लिहिणारा दुसराच कोणी होता. पण माझ्या वेळी लिहिणारा मीच होतो, आणि मीही नाव लिहिले नव्हते.

चाचा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये गेले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि नंतर मोबाइलमधला तंबोरा यांनी धंदा आधीच आखडला होता. खरवडणारा तो पोर मात्र टिकला, आता तोच जवारी लावतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मित्राचा फोन आला. तोही आता शिक्षक आहे. म्हणाला, "सरकारने नाव लिहिले रे. अब्बा असते तर म्हणाले असते, नाव राहू दे, गिऱ्हाईक पाठव." आम्ही दोघे हसलो, आणि मग दोघेही गप्प झालो.

पालखीच्या त्या दिवसानंतर मी कार्यानुभवाच्या तासाला शाळेच्या कुंपणालगत कडू भोपळ्याच्या बिया लावून घेतल्या. बी मित्राने पाठवले होते. पहिल्या वर्षी एक भोपळा सडला, एक माकडांनी फोडला, एक आम्ही घाईने कापला म्हणून तडकला. चौथा नीट वाळला. तो कापण्याआधी मी एकेका मुलाच्या मांडीवर देऊन वाजवायला लावला. कोणालाच काही कळले नाही. मी शाब्बासही म्हणालो नाही.

मग घरी जाऊन अब्बांना म्हणालो, "शाळेत येता का? पिंजण घेऊन." ते माळ्यावर होते, तांत कधीच तुटलेली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "बच्चों को शर्म नहीं आएगी?" मी म्हणालो, "बच्चों को नहीं आती अब्बा. मुझे आती थी."

ते आले. तांत कुठून मिळवली कोण जाणे. कार्यानुभवाच्या तासाला त्यांनी दोन शेर कापूस पिंजला. तांत झणाणली तशी मुले गप्प झाली. आमच्या भोपळ्याला आम्ही बांबूची दांडी आणि एकच तार लावली होती. अब्बांनी कापसाची चिमूट घेऊन बोटांवर वळली, धागा केला आणि मी सांगितले तसा तारेखाली सरकवला. चाचांच्या तंबोऱ्यासारखे काही झाले नाही. तरी जरासे गुणगुणले.

आता जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज भरताना पालक म्हणतात, "बाप का काम? मजदूरी लिखो सर." मी पेन थांबवतो आणि विचारतो, "कौन सी मजदूरी?" आधी ते चाचरतात, मग सांगतात. कलई, वेल्डिंग, भंगार, बांगड्या, रजई शिवणे. मी ते नावाने लिहून घेतो. मागच्या वर्षी एका आईने सांगितले आणि मी लिहून झाल्यावर ती म्हणाली, "सर, जरा पढ के बताव ना, क्या लिखे." मी वाचून दाखवले. तिने ते दोनदा ऐकले.