खाऊन टाक आणि ईट अप

आमच्या बस्तीशेजारच्या सभागृहात दर बुधवारी दुपारी तीन ते चार मी इंग्रजी शिकवते. येणाऱ्या सगळ्या बायका पन्नाशीच्या पुढच्या. मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर परदेशात. पहिल्याच दिवशी एकीनं सांगून टाकलं, "बाई, आम्हाला विमानतळावरचं इंग्लिश नको. घरातलं पाहिजे."

घरातलं इंग्रजी ही निराळीच वस्तू आहे. आमच्या पिढीचा हात बसला तो तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश, रिजेक्ट असे भारदस्त शब्द आम्हाला स्पेलिंगसकट पाठ. इंग्रज माणूस घरात बसून यातला क्वचितच एखादा उच्चारतो. तो पुट ऑफ म्हणतो, पुट अप विथ म्हणतो, पुट आउट, टर्न डाउन म्हणतो. पुट, गेट, गिव्ह, टेक, लुक ही अगदी पहिल्या पुस्तकातली क्रियापदं, आणि त्यांच्या शेपटीला अप, डाउन, ऑफ, आउट. दोन्ही शब्द आपल्याला येत असतात. दोन्ही मिळून काय झालं ते कळत नाही. परक्यांना आपल्या भाषेतलं सगळ्यात जड हेच जातं, असं सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच पुढचं. लोगन पियर्सॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकामुळं ते रूढ झालं.

असं दुहेरी का, तर १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि दरबारात, कचेरीत फ्रेंच-लॅटिन शब्द जाऊन बसले. घरात, शेतात बरेचसे जुने ठेंगणे शब्दच राहिले. आपल्यात तरी वेगळं काय आहे? कचेरीत सभा 'स्थगित' होते, घरात साखरपुडा 'पुढं ढकलतात'.

हे मी फळ्यावर मांडत होते तेव्हा शहापूरच्या एका काकूंनी त्यांची हकीकत सांगितली. त्यांची धाकटी लेस्टरला. जावई पंजाबी, तिथंच वाढलेला, त्यामुळं सासूशी बोलणं इंग्रजीत. मुलगी तिकडं कसलासा कोर्स करत होती. एका रात्री जावयाचा फोन आला, "मम्मी, शी पास्ड आउट धिस मॉर्निंग, बट शी केम राउंड." आता आपल्याकडं पास आउट होणं म्हणजे डिग्री मिळणं. काकू आनंदानं म्हणाल्या, "व्हेरी गुड, व्हेरी गुड!" केम राउंडचा अर्थ त्यांनी लावला, कुठंतरी फिरून आली असेल, पेढे वाटून आली असेल. पलीकडं नुसती शांतता. पोरीला तिसरा महिना होता. ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती आणि थोड्या वेळानं शुद्धीवर आली होती.

सांगताना काकू स्वतःच हसल्या आणि मग पदर डोळ्याला लावला. "तिकडं माझी पोर पडलीया आणि मी व्हेरी गुड म्हणतेय की हो!" त्या वर्गाला येऊ लागल्या त्या यासाठीच. म्हणून मी क्रम बदलला आणि आजारपणातली क्रियापदं आधी घेतली. पास आउट, कम राउंड, थ्रो अप म्हणजे उलटी होणं, कम डाउन विथ म्हणजे एखादं दुखणं येणं. कुठल्याच धड्याला वर्गात एवढी शांतता मी पाहिलेली नाही.

पण ही गोष्ट आपल्याला नवी नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फरक आहे ना? मग टाकतो काय आपण? काहीच टाकत नाही, उलट ताटात उरलेलं संपवतो. इंग्रजीतलं ईट अप तेच. वर काही जात नाही, फक्त काम पुरं होतं. ड्रिंक अप, यूज अप, क्लीन अप, सगळे त्याच जातीचे. आमच्या सीमाभागातल्या घरांत कानडीही नांदते. तिच्यात आजी नातवाला सांगते, 'तिंदुबिडु'. तिंदु म्हणजे खाऊन, बिडु म्हणजे सोड. मराठी टाकते, कानडी सोडते, इंग्रजी वर नेते, ताट मात्र तिघींचं रिकामं होतं. हे सांगितलं त्या दिवशी मागच्या रांगेतल्या अनगोळच्या वहिनी, ज्या कधी तोंड उघडत नाहीत, त्यांनी एकदम पाच-सहा सांगितली. लिहून घे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून दे, लिहून टाक. "यातला फरक मला कळतो म्हणजे मला व्याकरण येतं की, बाई." येतंच. एखाद्या परदेशी सुनेला हे पाच समजावून बघा.

इंग्रजी विचित्र आहे म्हणून आम्ही हसतोही. फॉर्म फिल इन करा नाहीतर फिल आउट करा, फॉर्म एकच. घर बर्न डाउन होतं, कागद बर्न अप होतो. पण आपण चातुर्मासात पालेभाजी सोडतो म्हणजे ती खात नाही, आणि उपवास सोडतो म्हणजे खातो. फोन तर काय, इंग्रजी तो 'हँग अप' करते, कारण पूर्वी भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर हुकाला टांगायचे. आपण अजून 'ठेवतो', मग हातातलं यंत्र हातातच असलं तरी चालतं.

नियम म्हणून एकच सांगते. इट, हिम, देम आलं की ते मधे बसतं. पुट इट ऑफ, रिंग हिम अप. लुक आफ्टर मात्र फुटत नाही. लुक आफ्टर हिम. का, ते विचारू नका म्हणते, कारण चार वाजलेले असतात.

मागच्या महिन्यात पुट अप विथ आला. अर्थ लिहिला, चालवून घेणं, खपवून घेणं. मग गेट अलाँग विथ, जुळवून घेणं. गिव्ह इन, पडतं घेणं. फळा भरला. निपाणीहून इथं लेकीकडं राहायला आलेल्या एक अक्का चष्मा सारून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "सगळीकडं 'घे'च कसं काय हो? सांभाळून घे, समजून घे, चालवून घे. लग्नात आईनं दिलेली सगळी क्रियापदं घ्यायचीच." कुणी बोललं नाही. मग त्याच म्हणाल्या, "आणि इंग्लिशमधी 'गिव्ह'. ती हरली तरी देणारी हाय. आपली घेणारी असून हात रिकामे."

हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. मराठीत 'घेणे' हे क्रियापद शेपटीला लागलं की काम करणाऱ्याच्या स्वतःच्या फायद्याचं होतं, असं आम्ही शिकवतो. जेवून घे, झोपून घे, शिकून घे. चालवून घेण्यात फायदा कुणाचा, हा अक्कांचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला आहे. कुणीतरी लगेच विचारलं, "पुट अप विथचं उलटं काय?" मी स्टँड अप टू लिहिलं, आणि शेजारी मराठी लिहायला खडू उचलला. ठणकावून सांगणं म्हणावं, की समोर उभं राहणं? वर्गात दोन तट पडले. शेवटी दोन्ही लिहिलं.

तास त्या दिवशी साडेचारपर्यंत चालला. पुढच्या बुधवारी बायका कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून याद्या घेऊन आल्या. निम्म्याअधिक 'गेट'च्या. गेट बाय, गेट ओव्हर, गेट अवे, गेट थ्रू. 'गेट'ला मी अजून हात लावलेला नाही.