माळ्यावरची गळती

गेले कित्येक विकांत इथे काही लिहिलं नाही, कारण मुक्काम वारज्यात होता. हातात लॅपटॉपऐवजी टॉर्च.

बाबांनी तिथे १९९९ साली फ्लॅट घेतला. वारजं महापालिकेत आलं १९९७ला, त्यामुळे "एवढ्या लांब कोण राहणार?" हे सगळ्या नातेवाइकांचं विचारून झालं होतं. बाबांचं तिथे राहणं झालंच नाही. भाडेकरू आले-गेले, मग सहा वर्षं कुलूप. आता आईला गावी एकटं ठेवायचं नाही असं ठरलं, म्हणून हे घर राहण्याजोगं करायला घेतलं.

बाथरूमवरच्या माळ्यात डोकं घातलं तर स्लॅबचा पोपडा सुटून गंजके गज दिसत होते. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटलाच बाहेर ढकलतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, माळा काढू, पीओपीचं सीलिंग मारू. काही दिसणार नाही." खरं सांगतो, मी अर्धा तयार झालो होतो. पण दुसऱ्यांनी झाकून ठेवलेले एरर शोधण्यात माझी निम्मी नोकरी गेलीये :)

अशा जुन्या बिल्डिंगांत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि कोबा. नहाणी ट्रॅपचा जोड सुटला की पाणी त्या भरावात साठतं आणि सावकाश खाली झिरपतं. म्हणजे दुखणं आमचं, औषध वरच्या मजल्यावर!

वरच्या काकू सत्तरीपुढच्या, एकट्या, पेन्शनवर. "माझ्याकडे तर थेंबही गळत नाही रे." त्यांच्या बाजूनं अगदी खरं. सेक्रेटरींनी उपविधी काढले: बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीची, घरातलं सभासदानं बघायचं. मी कडक अर्ज टाइप करायला बसलो. आई म्हणाली, "आधी त्यांच्याकडे चहाला जाऊ. कागद नंतर दाखव."

चहा पिताना कळलं, काकूंना पैशांपेक्षा भीती वेगळीच होती. आठ दिवस अंघोळ कुठे करायची, आणि घरात परकी माणसं असताना एकटीनं बसायचं कसं? मग ठरलं: काकूंची अंघोळ आमच्याकडे (आमचं बाथरूम अजून फोडलं नव्हतं), काम चालू असताना आई त्यांच्याकडे, खर्च निम्मा-निम्मा. आमच्या निम्म्यात ओपन किचन गेलं. बायको दोन दिवस नीट बोलली नाही. तिचंही बरोबरच होतं, ओट्यांचे फोटो ती वर्षभर जमवत होती. असो.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर वर बोळा कोंबून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं. शनिवारी रात्री, रविवारी सकाळी, पुन्हा रविवारी रात्री मी माळ्यात टॉर्च मारून बघत होतो. कोरडं!

खालून आईचा आवाज आला, "माळा राहणार ना रे? गावची पिंपं ठेवायची आहेत."