तुमचा फॅमिली वकील कोण?

फॅमिली डॉक्टर सगळ्यांकडे असतो. हल्ली जिम ट्रेनर आणि डाएटिशियनही असतात. पण फॅमिली वकील? पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना विचारलं, तर 'का गं, सगळं ठीक आहे ना?' असा चेहरा करतात!

आमच्या सोनगीरला मात्र तो लागतोच. सोनगीर म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गावरचं, किल्ल्याच्या पायथ्याचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. कोर्ट वीसेक किलोमीटरवर, धुळ्याला. तिथल्या एका ऑफिसात आमच्या घराचे कागद तीन पिढ्या सांभाळले जाताहेत. टेबलावर लॅपटॉप आला, पण लाल फडक्यात बांधलेली दप्तरं तशीच आहेत. काहीही अडलं की आजी म्हणायची, "आधी वकीलसाहेबले इचारी ले."

धुळे कोर्टाचा इतिहास तसा रुबाबदार. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. आंबेडकर एका खटल्यासाठी इथे आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. पण वकिलाचं रोजचं काम साधंच. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं, बांधाची भांडणं, भाडेकरार, दुकानदारांचे बाऊन्स झालेले चेक. बँकेचा मेमो आला की तीस दिवसांत नोटीस, मग पैसे द्यायला पंधरा दिवस, तरीही नाही दिले तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. एवढी तारखांची शिस्त चुकली, तरी छोट्या दुकानदाराची केस अडचणीत येते.

पप्पा गेल्यावर मीही त्या ऑफिसची पायरी चढले. दादाने हक्कसोडपत्राचा विषय काढला होता. आमच्याकडे हे नवीन नाही. बहिणीने सही करायची आणि आखाजीला माहेरची साडी घ्यायची, एवढा साधा हिशेब. कायदा मात्र वेगळं बोलतो. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

वकीलकाकांनी मला शेताचे उतारे वाचायला दिले. म्हणाले, "बेटा, काय सोडतेस ते आधी बघ. एकदा रजिस्टर झालं की परत फिरवणं सोपं नाही. आणि मी तुझ्या भावाचाही वकील आहे. म्हणून या एका कागदासाठी तू दुसरा वकील बघ."

आपली फी जाईल असा सल्ला कोण देतं हो? मला तर त्या एका वाक्यात तीन पिढ्यांच्या विश्वासाचं कारण सापडलं.

मी दुसऱ्या वकीलबाईंना भेटले, दोन रात्री विचार केला आणि सही केली नाही. आता सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं अशी तिन्ही नावं आहेत. शेत दादाच कसतो, त्याला माझी काहीच हरकत नाही. तो मात्र फोनवर अजून मोजकंच बोलतो. त्यावर कुठल्याच वकिलाकडे इलाज नाही. तो फोन मलाच करत राहावा लागणार आहे.