वीतभर कमळ

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक तळं आहे, चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेलं. कमळाची कळी पाण्याच्या वर वीतभर, म्हणजे अर्धा हात आली आहे. मंद वारा सुटतो, कळी कलत जाते आणि दोन हातांवर पाण्यात बुडते. सांग, पाणी किती खोल?

११५० सालच्या या ग्रंथासह भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. तिथल्या विद्यार्थ्यांपुढेही हे कमळ आलं असणार.

उदाहरणात वर्तुळाचं नाव नाही, तरी वर्तुळ आहे. देठ तळाशी रुजला ते केंद्र. देठाची लांबी ही त्रिज्या. कलणारी कळी हवेत कंस काढते. पाण्याची पातळी ही जीवा आणि वर दिसणारी वीत, म्हणजे जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची, हा तिचा शर. कळी बुडते तिथवर ताणलेला देठ झाला कर्ण. खोली आणि दोन हातांचं अंतर या काटकोनाच्या बाजू. कर्णाच्या आणि खोलीच्या वर्गांतला फरक चार. त्याला दोघांमधल्या अर्ध्या हातानं भागलं की त्यांची बेरीज मिळते, आठ. बेरीज आठ, फरक अर्धा: देठ सव्वाचार हात, पाणी पावणेचार! वर्गमूळसुद्धा काढावं लागत नाही. इतकं देखणं गणित मी फार थोडं पाहिलं आहे.

वर्तुळाला कोपरा नसतो, पण काटकोन त्यात ठायी ठायी दडलेला असतो. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, तिथे एक. स्पर्शबिंदूशी त्रिज्या आणि स्पर्शिका भेटतात, तिथे एक. अर्धवर्तुळातला कोन तर काटकोनच. मुलं अडतात, कारण हवी ती रेघ आकृतीत काढलेली नसते. ती आपणच काढायची असते, आणि बहुतेक वेळा ती केंद्रापासून निघते. शिकवताना सूत्राआधी ही रेघ शिकवावी, असं मला फार वाटतं.

केंद्र हाती नसलं तरी अडत नाही. आर्यभटांनी ४९९ साली सांगून ठेवलं आहे: जीवा तिला लंब असलेल्या व्यासाचे जे दोन तुकडे करते, त्यांचा गुणाकार म्हणजे अर्ध्या जीवेचा वर्ग. इनामगावसारख्या उत्खननात खापरं ढिगानं निघतात. गोल काठाचा एक तुकडा घ्या. टोकांमधलं अंतर समजा आठ सेंटिमीटर, शर दोन. चाराचा वर्ग सोळा, भागिले दोन, आठ. त्यात शर मिळवला की व्यास दहा. त्रिज्या पाच, अर्धी जीवा चार, केंद्रापासून जीवा तीनवर. आता कंपास घेऊन मडक्याचं अख्खं तोंड काढता येतं.